साखळीतली किल्ली

छबूबाईला विचारत सुटायची खोड लहानपणापासूनची. ब्राह्मणपुरीला लग्न होऊन आली, त्याच्या पहिल्याच आठवड्यात तिने सासूला विचारलं होतं की दारातल्या निंबाच्या फांद्या एकाच अंगाला का झुकल्यात. सासूने, भिकुबाईने, तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "निंबले इचार." तेव्हापासून छबूबाई घरात जरा जपूनच बोलायची. पण एकोणीसशे चौतीस साली तिचा नवरा भिकन खांडबारा स्टेशनवर मालबाबू म्हणून लागला, दोघं रेल्वेच्या दोन खोल्यांत राहायला आली आणि तिच्या जिभेला मोकळं रान मिळालं. शेतातली कामं मागे राहिली होती, मूलबाळ अजून नव्हतं. भिकन दिवसभर गोदामात. सकाळची गाडी गेली की संध्याकाळच्या गाडीपर्यंत करायचं काय, हा तिच्यापुढचा मोठाच प्रश्न होता.

आठवड्याचा बाजार भरायचा तो दिवस त्यातल्या त्यात बरा जायचा. डोंगरातली माणसं पहाटे निघून डोक्यावर पाट्या घेऊन उतरायची. अशाच एका बाजारी चारोळीचा ढीग मांडून बसलेल्या एका बाईपाशी छबूबाई थांबली. बाई चाळिशीच्या आतबाहेरची, उन्हाने रापलेली. चारोळी मोजायला तिने मापटं उचललं आणि तिच्या मनगटातून बारीक किणकिण आली.

चांदीची साखळी होती, जाडशी. तिच्या कड्याकड्यांतून इवल्याइवल्या वस्तू लोंबत होत्या. एक मासा, एक विळा, एक घुंगरू, निळ्या काचेचा मणी, पिंपळाचं पान. आणि या सगळ्यांच्या पुढे, अगदी दर्शनी, बोटाच्या दोन पेरांएवढी पितळेची किल्ली. चांदीत पितळ! छबूबाई चारोळी विसरूनच गेली.

"हाऊ मासा कसाले लायेल शे?" तिने विचारलं.

"चारोळी लेनी व्हई ते ले," बाई म्हणाली. तिची अहिराणी बाजारापुरती होती, पण ठणठणीत होती. "मासा इकाना नही शे."

"इकत नही मांगत मी. इचारस."

बाईने मान वर करून तिला नीट पाहिलं. असं कुणी विचारलं नसावं. मग ती हसली. तिचं नाव कमलीबाई. लग्नाआधी एका उन्हाळ्यात नेसू नदीचं पाणी आटून डबकी राहिली होती. गावची पोरं-पोरी हातांनी मासे धरत होत्या. तिच्या हातातून निसटलेला मासा समोरच्या जालमसिंगाने धरला आणि काही न बोलता तिच्या टोपलीत टाकला. पुढे जालमसिंग नवरा झाला, तेव्हा तिने हा मासा करवून घेतला. एवढं सांगून ती थांबली.

"आनि विळा?"

"एक बाजारले एक," कमलीबाई म्हणाली. "समदं आजच सांगं ते पुढला बाजारले तू येशी का?"

छबूबाई पुढच्या बाजारी गेली, त्याच्या पुढच्याही. घुंगरू एका बकरीचं होतं. ती बकरी बिबट्याने नेली आणि तिसऱ्या दिवशी हे घुंगरू तेवढं झुडपात सापडलं. निळा मणी सुरतेकडचा. गवत कापायला गेली असताना एका अनोळखी बाईने आपल्या गळ्यातला काढून दिला होता. का दिला, ते कमलीबाईलाही नीट सांगता येत नव्हतं. "मी रडी ऱ्हायनी व्हती," एवढंच ती म्हणाली. छबूबाईने तिथे पहिल्यांदाच पुढे काही विचारलं नाही.

घरी आली की ती आपले हात बघायची. पाटल्या होत्या, बिलवर होते, डझनभर काचेच्या बांगड्या होत्या. सगळं माहेरून आणि सासरहून आलेलं, मापाचं, जोडीजोडीचं. बारा घातल्या काय, वीस घातल्या काय, कुठली कुठली ते ओळखू येत नव्हतं. कमलीबाईने मनगट हलवलं की तिचं सगळं आयुष्य एकदम किणकिणायचं, आणि ती चालत असताना, मापटं भरताना, पदर सावरताना ते तिच्या बरोबर असायचं. आपल्या हाताशी असं काही असावं असं छबूबाईला वाटू लागलं, आणि एकदा वाटू लागल्यावर ती गप्प कशी बसणार!

बाजाराच्या तोंडाशी रतिलाल सोनाराचं दुकान होतं. रतिलाल मूळचा गुजरातेतला, तोंडाने गोड, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. छबूबाईने साखळी घेतली आणि त्याच्या ताटातल्या तयार वस्तूंतून पोपट, आंबा आणि मासा असे तीन नग निवडून त्यात अडकवून घेतले. पुढच्या बाजारी मोठ्या ऐटीने तिने हात कमलीबाईपुढे केला.

कमलीबाईने पोपट चिमटीत धरला. "हाऊ कोठे भेटना तुले?"

"रतिलालना दुकानमा."

"आनि आंबा?"

"तठेच."

"मासा बी?"

छबूबाईने मान हलवली.

"मंग हाई रतिलालनी साखळी शे, बहिन. तुन्ही नही." आणि कमलीबाई खळखळून हसली. शेजारच्या दोघी मिरच्यावाल्याही हसल्या.

छबूबाईचे कान तापले. घरी येऊन तिने साखळी काढून कोनाड्यात टाकली. दोन दिवस तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तिला वाटलं, माझं असं काय आहे? कुणी विचारलं तर मी काय सांगेन? हात पिठात तसेच ठेवून ती आठवत बसली. आणि मग एकेक आठवायला लागलं. नऊ वर्षांची असताना पाटी काखेत मारून ती भावाच्या मागोमाग शाळेत जाऊन बसली होती. मास्तरांनी हाकललं तरी उठली नव्हती. सबंध वर्गात एकटी मुलगी, चौथीपर्यंत. लग्नाच्या वऱ्हाडात तापी ओलांडताना नाव मधोमध गरगर फिरली होती, सगळ्या बायका ओरडत होत्या आणि कपाळावरच्या मुंडावळ्या वर करून ही नवरी पाणी कसं फिरतं ते वाकून बघत होती. तव्यावरची भाकरी करपली.

तिने तिन्ही नग रतिलालला परत केले. "माले पाटी पाहिजे," ती म्हणाली. "शाळेतली. नखाएवढी."

"पाटी?" रतिलालने चष्मा वर सरकवला. "बेन, चाळीस वरस झाले मला या धंद्यात. पाटी कोणी मागितली नाय." पण त्याने ती केली, आणि मन लावून केली, चांदीची चौकट, वरती दोरा ओवायचं भोकसुद्धा.

कमलीबाईने पाटीची गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना तिने हातानेच थांबवलं. मास्तरांनी हाकललं तिथे तिने विचारलं, "मंग तू काय करं?" आणि छबूबाईने "बठीच ऱ्हायनू" म्हटल्यावर तिने साखळी नीट फिरवून पाटी वरच्या बाजूला आणली. छबूबाईला त्या दिवशी घरी जाताना हात हलका वाटत होता की जड, तेच कळेना.

किल्लीचं मात्र कमलीबाई काही सांगत नव्हती. विचारलं की ती दुसरंच काही काढायची. दिवाळी होऊन गेली, थंडी पडली, तेव्हा एकदा ती आपणहून म्हणाली, "हाई मन्ही नही. मन्ही मायनी बी नही. हाई दुसरानी शे. तिनी संभाळी, आते मी संभाळस."

तिची आई कालीबाई. रेल्वेचा रूळ या भागातून पडत होता तेव्हा ती कामावर पाणी वाहायची. कमलीबाई तेव्हा तिच्या पाठीला बांधलेली होती. कामावर चुनीलाल नावाचा एक ओव्हरसियर होता. आडव्या हाडाचा, शांत माणूस. इतर साहेब लोक घोड्यावरून ओरडत जायचे. हा चालता चालता खाली वाकायचा, काहीतरी उचलायचा, पाण्याने धुऊन बघायचा आणि खिशात टाकायचा. मजूर त्याला हसायचे. एका पावसाळ्यात त्याला ताप चढला. चार दिवस कालीबाईने त्याच्या झोपडीत पाणी पोचवलं. पाचव्या दिवशी त्याला मालाच्या डब्यात निजवून सुरतेकडे न्यायचं ठरलं. त्याची पेटी जड, ती मागेच राहिली. डब्यात चढवताना त्याने कालीबाईला हाक मारली, किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हणाला, मी आलो की दे. तो आला नाही. कालीबाईने स्टेशनवर दोनदा जाऊन विचारलं. कुणाला माहीत नव्हतं. मग तिने किल्ली आपल्या साखळीत सगळ्यांच्या पुढे अडकवली. बाजारात, रस्त्यात कुठे तो भेटला तर त्याला लांबून दिसावी म्हणून. सत्तावीस वर्षं तिने ती तशी घातली. ती गेल्यावर कमलीबाईने किल्ली आईच्या साखळीतून काढून आपल्या साखळीत घातली.

"आनि पेटी?" छबूबाईने विचारलं.

"तुन्हा घरवालाना गोदाममा व्हई. माले काय माहीत."

त्या संध्याकाळी भिकनला जेवायचं वाढायच्या आधी तिने विचारलं.

"ती कोपरामधली?" भिकन म्हणाला. "सागनी? तिन्हावर ते हमाल बठतस. मी उनू तव्हापासून शे. कोन्ही शे ते कोनलेच माहीत नही."

छबूबाईला रात्रभर सुचेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गोदामात गेली. दोन हमालांना उठवलं, पेटीवरचं गोणपाट काढलं. पितळेचं कुलूप, हिरवट पडलेलं. स्टेशन मास्तर मागे येऊन उभे राहिले. ते साठीला टेकलेले, सज्जन गृहस्थ होते. हकीकत ऐकून म्हणाले, "सहा वर्षं मी हे कुलूप बघतोय. किती वेळा वाटलं, फोडावं. पण दुसऱ्याचं आहे. किल्लीवाली बाई आली तर माझ्यासमोर उघडा."

पुढच्या बाजारी छबूबाई जवळजवळ पळतच गेली. "चाल, उघडूत!" ती म्हणाली.

कमलीबाईचा चेहरा बदलला. तिने दुसऱ्या हाताने किल्ली झाकली.

"उघडानी ऱ्हाती ते मन्ही मायच नही उघडती का? पेटी कोठे शे ते तिले माहीत व्हतं. तिनी हात लावा नही." ती उठली, चारोळी फडक्यात बांधायला लागली. "तुले फक्त दखानं शे. आत काय शे, आत काय शे. दुसरं काय!"

आणि बाजार अर्धा असतानाच ती निघून गेली.

पुढच्या बाजारी तिची जागा रिकामी होती. त्याच्या पुढच्याही. छबूबाईला जेवण गोड लागेना. कमलीबाई बोलली त्यात खोटं काय होतं? एका बाईने जन्मभर ज्याला हात लावला नाही, ते आपण चुटकीसरशी उघडायला निघालो होतो, निंबाच्या फांद्या का झुकल्या हे विचारावं तसं. तिने साखळी काढून ठेवली नाही, पण पाटीकडे बघायचं टाळलं. गोदामाकडेही फिरकली नाही.

तिसऱ्या बाजारी सकाळीच दारात कमलीबाई उभी. शेजारी जालमसिंग, खांद्यावर काठी, डोक्याला फेटा, बुजलेला.

"याले सांगं मी समदं," कमलीबाई म्हणाली. "हाऊ म्हने, मायले वाचता येत नव्हतं. पेटीमा त्या मानूसनं नाव लिखेल व्हई, गाव लिखेल व्हई, ते तिले कसं कळी? उघडी ते देता येई. नही उघडी ते मन्ही पोर बी अशीच फिरी." तिने छबूबाईचा हात धरला. "चाल, बहिन."

जालमसिंग जमिनीकडे बघत होता. नदीत मासा टाकतानाही तो असाच दिसला असेल, असं छबूबाईच्या मनात आलं.

गोदामात स्टेशन मास्तर, भिकन, दोन हमाल, आणि बोलावून आणलेला रतिलाल असे सगळे जमले. रतिलालला आणलं ते कुलपासाठी. त्याने तेल सोडलं, बारीक सळईने गंज खरवडला. मग बाजूला झाला. कमलीबाईने साखळीतून किल्ली सोडवली. किल्ली पहिल्यांदा फिरली नाही, दुसऱ्यांदा अडखळली, तिसऱ्यांदा आतून एक जुना आवाज आला आणि कुलूप लोंबकळलं. किल्ली तिने त्यातच राहू दिली.

झाकण उघडलं. वर एक कोट होता, कसरीने खाल्लेला. त्याखाली कागदाच्या पुड्याच पुड्या, ओळीने रचलेल्या, मध्ये गवत भरलेलं. भिकनने एक उचलली. आत दगड. दुसरीत दगड. एक हमाल हसला, पण स्टेशन मास्तरांनी तिसरी पुडी उलगडून दारातल्या उन्हात धरली आणि सगळे पुढे सरकले. बाहेरून काळा ओबडधोबड धोंडा, आणि फुटलेल्या बाजूला पोकळीत पांढऱ्या सुयांचं रान, एकेक सुई चमकणारी. दुसऱ्यात हिरवी झाक, तिसऱ्यात दुधाच्या थरांसारख्या रेघा. प्रत्येक पुडीत एक चिठ्ठी.

"गुजरातीत आहे," रतिलाल म्हणाला आणि वाचू लागला. "नवापूर, तिसऱ्या पुलाचा पाया. चिंचपाडा, सुरुंगानंतर." सबंध लाइनीवर जिथे जिथे डोंगर फोडला, तिथला एकेक तुकडा त्या माणसाने ठेवला होता. चिठ्ठ्या वाचता वाचता रतिलाल एकाएकी थांबला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"खांडबारा," त्याने वाचलं. "पुलाच्या वरचा नाला. पाणीवाली कालीबाई हिने शोधून आणला. आजवरचा सगळ्यांत सुंदर."

कमलीबाई चिठ्ठीकडे बघत होती. तिने हात पुढे केला, पण कागद घेतला नाही. बोट त्याच्या वर तसंच धरून ठेवलं.

"मायनं नाव?" तिने विचारलं. "हाई?"

"हे," रतिलालने अक्षरांवर बोट ठेवलं.

"तिनी माले कधीच नही सांगं. दगड दिधा ते." ती खाली बसली, थेट गोदामाच्या फरशीवर, आणि रडायला लागली. जालमसिंग काठी टेकून शेजारी बसला. छबूबाईही बसली.

झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने चुनीलालचं नाव होतं, गाव व्यारा. रतिलालने त्याच दिवशी गुजरातीत पत्र लिहिलं. छबूबाईने शेजारी बसून त्याला दोनदा खोडायला लावलं, कारण तो पाणीवालीचं नाव घालायला विसरला होता. तीन आठवडे गेले. भिकन म्हणायचा, पस्तीस वर्षांनी कोण असणार तिथे? मग एक दिवस उत्तर आलं, आणि उत्तरापाठोपाठ सकाळच्या गाडीने एक बाई उतरली. पांढरं पातळ, हातात पिशवी, डोळे भिरभिरते. चुनीलालची मुलगी, जडावबेन. वडील गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. सुरत यायच्या आधीच, डब्यातच, ते गेले होते. घरात एवढंच माहीत होतं की तापात ते पेटी, पेटी म्हणत होते. तापातलं बोलणं म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं.

बायका छबूबाईच्या स्वयंपाकघरात बसल्या. जडावबेनने एकेक दगड मांडीवर घेऊन पाहिला. मग ती कमलीबाईकडे वळली. "माझे वडील कसे होते?" तिने विचारलं. "मला सांगणारं कुणी उरलेलं नाही."

कमलीबाईने आईकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. पाणी पिताना आधी दगडावर ओतायचा, मग स्वतः प्यायचा. पाठीवरच्या पोरीला, म्हणजे तिलाच, खिशातले खडे खेळायला द्यायचा. चालताना वाकायचा. जडावबेन मध्येच म्हणाली, "मीपण वाकते. घरचे हसतात," आणि तिघीही हसल्या. चहा निवून गेला.

दुपारी तिघी त्या नाल्याकडे चालत गेल्या. जडावबेनने चपला हातात घेऊन पाण्यात पाय घातला आणि बराच वेळ वाकून तळ चाचपत राहिली. तिला काही सापडलं नाही. त्याचं तिला काही वाटलंही नाही.

संध्याकाळी पेटी गाडीत चढली. किल्ली कुलपातच होती. कालीबाईचा दगड मात्र जडावबेनने नेला नाही. चिठ्ठीसकट तो तिने कमलीबाईच्या ओंजळीत ठेवला, आणि कमलीबाई नको नको म्हणत असताना गाडीत चढून बसली.

पुढच्या बाजारी कमलीबाई रतिलालच्या दुकानात आली ती दगड घरी ठेवून, चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधून. तिला चांदीची बारीक डबी हवी होती, ताईत असतो तशी, झाकणाची, साखळीत अडकवायला. रतिलालने चिठ्ठीची घडी किती होईल ते मोजलं. छबूबाई शेजारी होतीच. साखळीसाठी तापीतली नाव करवून घ्यायची होती, तिचं माप द्यायला ती आली होती.

"बंद करानं पहिले," कमलीबाई म्हणाली, "माले दखाड. काली, हाई कोठून कोठपर्यंत? आनि बाई कोठे सुरू व्हस?"

रतिलालने कागद घडवंचीवर पसरला. छबूबाईने जमिनीवरच्या धुळीत बोटाने 'का' काढला, आधी मराठीतला, आणि मग रतिलालला विचारून गुजरातीतला.

"दोन्ही सारखाच दिसतस की," कमलीबाई म्हणाली आणि नीट बघण्यासाठी खाली वाकली.